डिझेल चोरलं कुणी? क्राऊन-पिनियनचे दात मोजा, मग ड्रायव्हरचा पगार कापा

आज एका बातमीची दुरुस्ती करायची आहे. बातमी माझीच होती. दोन कॉलम, आतल्या पानावर. 'मालवाहू ट्रकमधील डिझेलचोरीने वाहतूकदार त्रस्त' असं हेडिंग मीच दिलं होतं. नाव कुणाचं छापलं नव्हतं, पण आपलं गाव केवढं, स्टँडवर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं की तो ड्रायव्हर कोण. चहाच्या गाड्यावर त्याला 'काय, आज किती लिटर?' असं लोक विचारायला लागले. चोरी झालीच नव्हती, हे मला कळायला पुढे चार महिने लागले. ते कसं कळलं ते सांगतो. थोडं लांबेल, पण ज्याच्या घरात गाडी आहे, मग ती दहा टायरी असो नाहीतर मोटारसायकल, त्यानं वाचावं.

हा माणूस एका शेठकडे दहा टायरी ट्रकवर होता. साखर घेऊन कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरायचं, येताना जांभा चिरा भरून वर यायचं, आणि मधे मधे हायवेनं पुण्याच्या खेपा. गाडी जुनी, शेठनं सेकंडहँड घेतलेली. ॲव्हरेज ४.१ चं, म्हणजे लिटरला चार किलोमीटरच्या जरा वर. अशा गाडीला ते ठीकच आहे. एका पावसाळ्यानंतर ते अचानक ३.६ वर आलं. शेठचा हिशेब सरळ होता. महिन्याला मीटरवर ६,००० किलोमीटर पडतात. ४.१ नं १,४६३ लिटर लागायला पाहिजेत. पंपाच्या बिलात मात्र १,६६७ लिटर. म्हणजे महिन्याला २०० लिटर गायब! शेठनं पगारातून महिन्याला पाच हजार कापायला सुरुवात केली. तीन महिने कापले. चौथ्या महिन्यात ड्रायव्हरनं चावी टेबलावर ठेवली आणि घरी गेला.

आता आधीच एक सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये येईलच. डिझेलचोरी होते. हायवेवरच्या काही ढाब्यांमागे कॅन भरताना मी स्वतः पाहिलेत. त्यामुळे शेठला संशय आला यात त्याची काही चूक नाही. चूक झाली ती पुढं. संशय आल्यावर त्यानं ड्रायव्हरकडे बघितलं, गाडीकडे बघितलंच नाही. आणि मी शेठकडे बघितलं, ड्रायव्हरला फोनसुद्धा केला नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच महिन्यात शिकवतात की दुसऱ्या बाजूचं म्हणणं घ्या. असो.

तर ही गाडी नंतर आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीकडे क्लचप्लेटच्या कामाला आली. मी तिथं माझ्या स्कूटरचं काम घेऊन बसलो होतो. शेठही होता, आणि ॲव्हरेजचं रडगाणं चालू होतं. नवीन ड्रायव्हर आणला तरी ॲव्हरेज ३.६ च! मिस्त्री गाडीखालूनच बोलला, "शेठ, मागचं हौसिंग कधी उघडलं होतं?"

शेठ म्हणाला, "पावसाळ्यात. क्राऊन वाजत होता. जुन्या बाजारातनं दुसरं डिफरन्शियल आणून टाकलं."

"कितीचं टाकलं?"

"आता काय आठवतंय, पंचवीस-तीस हजार लागले असतील."

"पैसे नाही हो. दात किती?"

शेठ गप्प.

मिस्त्री बाहेर आला. गाडी न्यूट्रलला टाकली, मागची चालणारी दोन्ही चाकं जॅकवर उचलली. चाकावर खडूची एक रेघ, खाली प्रॉपेलर शाफ्टवर एक रेघ. दोन पोरांना सांगितलं, दोन्हीकडची चाकं एकदमच एक पूर्ण फेरा फिरवा, आणि मला सांगितलं, तुम्ही शाफ्टचे फेरे मोजा. मी मोजले. सहाला जरासे कमी भरले. मिस्त्री हसला. "या गाडीला सातला जरासे कमी यायला पाहिजेत. ही ६/४१ ची गाडी. तुम्ही हिला ७/४१ बसवलंय."

आता हे ६/४१, ७/४१ काय, ते सांगतो. इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून लांब शाफ्टनं मागे जाते. तिथे एक छोटं दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, तो क्राऊन. पिनियनला ६ दात आणि क्राऊनला ४१ असतील तर शाफ्टचे ६.८३ फेरे झाले की टायरचा एक फेरा होतो. पिनियनला ७ दात असतील तर ५.८६ फेऱ्यांतच टायरचा फेरा पुरा. गिअरची सायकल चालवलेल्यांना हे लगेच कळेल. मागचं चक्र मोठं घेतलं की चढाला सोपं जातं, पण सपाटीवर पाय मारून मारून दमायला होतं. लहान घेतलं की सपाटीवर मजेत, चढाला मात्र मांड्या भरून येतात. ६/४१ म्हणजे चढाची सायकल, ७/४१ म्हणजे सपाटीची.

ट्रकच्या भाषेत सांगायचं तर, १०.००-२० चा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वातीन मीटर जातो. ताशी ६० चा वेग म्हणजे मिनिटाला १,००० मीटर, म्हणजे टायरचे तीनशेच्या वर फेरे. टॉप गिअरमध्ये शाफ्ट इंजिनइतकाच फिरतो असं धरलं तर ६/४१ ला इंजिन मिनिटाला २,१०० फेरे मारतं आणि ७/४१ ला १,८००. रस्ता तोच, माल तोच, वेग तोच, आणि इंजिनला मिनिटाला ३०० फेरे कमी. इंजिन नुसतं फिरवत ठेवायलाही डिझेल लागतंच. पिस्टन घासतात, पंप फिरतात, हवा आत ओढायची, धूर बाहेर ढकलायचा. फेरे कमी झाले की हा फुकटचा खर्च कमी होतो. म्हणून आरपीएमच्या काट्याखाली हिरवा पट्टा असतो. त्यात काटा ठेवा असं कंपनी सांगते ते उगाच नाही.

पण इथं एक गैरसमज मी स्वतः केला होता, तो मिस्त्रीनं काढला. मी म्हटलं, इंजिन १४ टक्के कमी फिरतंय, म्हणजे डिझेल १४ टक्के वाचणार. तो म्हणाला, "तसं नसतं साहेब. माल ओढायचं काम आहे तेवढंच राहतं ना. वाचतं ते फक्त इंजिनच्या स्वतःच्या खाण्यातलं." म्हणजे दोन-चार टक्के, जमलं तर थोडं जास्त. आणि ते पण हायवेला. घाटात उलटंच. सपाटीचं गिअरिंग घेऊन भरलेली गाडी कुंभार्ली चढायला लागली की जिथं तिसरा गिअर ओढायचा तिथं दुसरा टाकावा लागतो, पहिल्यावर उठताना क्लच जळतो. ही गाडी क्लचप्लेटच्या कामाला का आली होती, ते लक्षात आलं ना? त्या बिचाऱ्या ड्रायव्हरनं म्हणे शेठला सांगितलं होतं की गाडी घाटात दमते आहे. शेठला वाटलं, कामचुकारपणा.

मग प्रश्न उरतो. सपाटीचं गिअरिंग बसलं तर हायवेला ॲव्हरेज वाढायला पाहिजे. मग ते ३.६ वर कसं पडलं?

इथंच खरी गंमत आहे. मीटर!

बहुतेक ट्रकांत किलोमीटरचा मीटर चाकाचे फेरे मोजत नाही. त्याची केबल, किंवा आता सेन्सर, गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असते. तो शाफ्टचे फेरे मोजतो आणि ६.८३ फेरे म्हणजे चाकाचा एक फेरा असं धरून किलोमीटर दाखवतो. तुम्ही क्राऊन-पिनियन बदललं, पण मीटरला कुणी सांगितलं नाही. आता चाकाचा फेरा ५.८६ मध्येच होतोय. गाडी १६० किलोमीटर पळते, मीटरवर पडतात १३७. म्हणजे आमच्याकडून पुण्याला जाऊन गाडी परत आली की मीटरनं ४५ किलोमीटर खाल्लेले असतात.

मी तिथंच मोबाईल काढून गणित केलं. मीटरवर ६,००० म्हणजे गाडी प्रत्यक्षात ७,००० किलोमीटर धावली. ७,००० ला १,६६७ लिटर, म्हणजे ॲव्हरेज ४.२. कमी तर झालंच नव्हतं, उलट जरासं वाढलं होतं. जुन्या ४.१ च्या हिशेबानं ७,००० किलोमीटरला १,७०७ लिटर लागले असते. म्हणजे ज्या माणसावर महिन्याला २०० लिटर चोरल्याचा आळ होता, त्याच्या गाडीत त्या महिन्यांत ४० लिटर वाचत होते.

शेठनं गणित दोनदा करायला लावलं. मग चहा मागवला. कुणी काही बोललं नाही.

अजून एक गोष्ट त्या दिवशी लक्षात आली, ती मला जास्त भीतीदायक वाटते. मीटर किलोमीटर कमी दाखवतो म्हणजे वेगही कमीच दाखवतो. काटा ६० वर असताना गाडी ७० नं पळत होती. मी नंतर त्या ड्रायव्हरच्या घरी गेलो तेव्हा तो म्हणाला, "मला कळायचं हो. काटा साठला, आणि मी एस्टीला मागं टाकतोय. मालकाला म्हटलं मीटरमध्ये काहीतरी आहे. तर म्हणाले, मीटरला नाव ठेवू नको." हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ६० चे ७० झाले की तो एक तृतीयांशाहून जास्त वाढतो. गाडी खरोखर ६० नं चालली असती तर ॲव्हरेज ४.२ च्याही वर गेलं असतं. आणि २५ टनांची गाडी ६० समजून ७० नं चालवणं म्हणजे काय, हे ब्रेक मारायची वेळ आल्याशिवाय कळत नाही.

घरी तो आणखी एक बोलला. ते मी त्याच्या परवानगीनं लिहितोय. पगार कापायला लागल्यावर ॲव्हरेज सुधारावं म्हणून तो कुंभार्ली उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायला लागला होता. भरलेली साखर, घाटाचा उतार, न्यूट्रल. मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाला, "वाटायची. पण पाच हजार कापले की घरात काय सांगू?"

पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर मोठा अपघात झाला की ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करतात हा मुद्दा दर वेळी येतो. चॅनेलवर दोन दिवस चर्चा, ड्रायव्हरला शिव्या. ते न्यूट्रल का करतात हे कुणी विचारत नाही. ज्या धंद्यात माणसाचा पगार लिटरला अर्ध्या किलोमीटरवर ठरतो, तिथं तो घाटात न्यूट्रल करणारच. आणि गंमत म्हणजे त्यानं फार काही वाचतही नाही. आजकालच्या इंजिनला गिअरमध्ये ठेवून पाय काढला की उतारावर डिझेल बंदच होतं. न्यूट्रल केलं की मात्र इंजिन चालू राहायला डिझेल पीत राहतं. म्हणजे जीव धोक्यात घालून वर तोटा. ही एवढी एक गोष्ट जरी शेठलोकांनी ड्रायव्हरला नीट समजावून सांगितली तरी पुष्कळ.

बाकी ॲव्हरेजला खाणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. टायरमध्ये हवा कमी असली की गाडी जड जाते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि महिना-महिना कुणी तपासत नाही. नायलॉन टायर काढून रेडियल घातले तर फरक पडतो. ताडपत्री नीट न आवळता फडफडत गेली की ती छत्री उघडून पळण्यासारखी. गोदामाच्या रांगेत इंजिन चालू ठेवून बसलं की तासाला लिटर-दोन लिटर गेलं, आणि किलोमीटर शून्य. केबिनचा एसी वेगळा. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, ते चांगलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचं डिझेल ड्रायव्हरच्या खात्यावर टाकू नका म्हणजे झालं.

आणि वजन. २०१८ मध्ये सरकारनं एक्सलवरचा कायदेशीर भार २० ते २५ टक्क्यांनी वाढवला. आपल्याकडच्या कित्येक मालकांनी गाडीत माल वाढवला, ॲव्हरेजचा जुना आकडा मात्र तसाच ठेवला. रिकामी गाडी सगळ्यात भारी ॲव्हरेज देते, मग काय रिकामीच फिरवायची? खरा हिशेब एक टन माल एक किलोमीटर न्यायला किती डिझेल लागलं, असा पाहिजे. तो कुणी मांडत नाही, कारण त्याला वजनकाट्याच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात, आणि काही पावत्या जपून ठेवण्यासारख्या नसतात. यावर जास्त लिहीत नाही. समजणाऱ्याला समजतं.

सरकारी आकड्यांचंही तेच. २०१७ मध्ये अवजड गाड्यांसाठी इंधनाचे निकष अधिसूचित झाले, ते ४० आणि ६० च्या स्थिर वेगावरच्या चाचणीचे. स्थिर वेग! आमच्या घाटात ४० चा स्थिर वेग दाखवणाऱ्याचा मी जाहीर सत्कार करीन. गाड्यांची आपसात तुलना करायला हे आकडे ठीक आहेत. पण शोरूममध्ये सांगितलेलं ॲव्हरेज धरून ड्रायव्हरचा पगार ठरवायचा नसतो. गाडी घेताना तुमची निम्मी धाव घाटातली की हायवेची, हे आधी ठरवा आणि मग एक्सल रेशो विचारा. कंपनीच्या माहितीपत्रकात तो छापलेला असतो. आपले लोक रंग, केबिन आणि हप्ता विचारतात. रेशो विचारणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिला नाही. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं हेच. त्याचं गिअरिंग शेतात नांगर ओढायला केलेलं, आपण त्याला दोन ट्रॉल्या लावून तीस किलोमीटर डांबरी रस्त्यानं कारखान्याला पाठवतो आणि मग डिझेल लय खातो म्हणून त्याच्याच नावानं बोंबलतो.

कायद्याचं एक सांगतो, कारण इनबॉक्समध्ये दोन ड्रायव्हरांनी विचारलंय. नुकसान झालं म्हणून पगार कापायचा तर आधी त्या कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हे १९३६ च्या वेतनाच्या कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. मालवाहतूक त्यातून सुटलेली नाही. मालकानं वहीत 'ॲव्हरेज शॉर्ट' लिहून पैसे वजा करणं म्हणजे संधी देणं नव्हे. ड्रायव्हर बोलत नाहीत कारण लायसन सोडून त्यांच्याकडे कागद कसलाच नसतो. ना नेमणुकीचा, ना पगाराचा.

माझं मालकांना एवढंच म्हणणं आहे. ॲव्हरेज पडलं तर तीन गोष्टी आधी बघा: मागच्या सहा महिन्यांत डिफरन्शियल, गिअरबॉक्स किंवा टायरचा साईज बदलला का, मालाचं वजन बदललं का, आणि रूट बदलला का. तिन्हीची उत्तरं 'नाही' आली तर मग करा चौकशी, मीही येतो सोबत. आणि गॅरेजवाल्यांना हात जोडून विनंती, जुनं डिफरन्शियल टाकताना दात मोजा आणि बिलावर लिहा. रेशो बदलला असेल तर मीटर जुळवून द्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

शेठनं मीटर जुळवून घेतला. कापलेल्या पंधरा हजारांतले दहा परत दिले. उरलेल्या पाचाचं काय म्हणून मी विचारलं तर 'बघू' म्हणाले. ड्रायव्हर परत गेला नाही. आता दुसरीकडे टँकरवर आहे. आमच्या साप्ताहिकात मी दुरुस्ती छापली, पण दोन कॉलमच्या बातमीला चार ओळींची दुरुस्ती, ती कोण वाचतं! म्हणून इथं लिहिलं.

ज्यांच्या गाडीचं क्राऊन-पिनियन बदललेलं आहे त्यांनी पुढच्या खेपेला हायवेच्या कडेचे किलोमीटरचे दगड मोजा. एका दगडापाशी मीटर लिहून घ्या, दहा दगड पुढं परत लिहा. दहाला दहा पडले तर छान. साडेआठ पडले तर आकडा खाली कमेंटमध्ये टाका, गाडीचा नंबर नको. आणि मधल्या काळात कुणाचे पैसे कापले असतील तर तेही लिहा.